सुकटीच्या वासाची प्रमाणपत्रं

बाजारात सुकटीच्या टोपलीजवळून गेले की एक तपास अजून आठवतो.

पोलीस खात्यातली माझी नोकरी फार लांबली नाही. काही वर्षं उपनिरीक्षक म्हणून काढली आणि स्वतःहून बाहेर पडले. का, हा या लेखाचा विषय नाही. माजी पोलीस अधिकारी म्हटलं की लोकांना पिकलेल्या मिशा आणि दरारा अपेक्षित असतो. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. प्रशिक्षणात मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "आवाज काढा मॅडम, आवाज!" तो शेवटपर्यंत निघाला नाही. तरीही सांगावासा वाटतो असा हा एक तपास माझ्या हातून झाला. यात कोणाचंही खरं नाव लिहिणार नाही. फिर्यादी मुलीला मात्र सायली म्हणते. पुढे एका ठिकाणी तिच्या नावाशिवाय चालणार नाही.

ठाण्याची खाडी ओलांडली की लागणाऱ्या भागात आमचं पोलीस ठाणं होतं. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरीच्या नोंदी, आणि मग चारित्र्य पडताळणीचे अर्ज. नोकरी, परदेश, सिक्युरिटी गार्ड, कशासाठीही लोकांना पोलिसांचा दाखला लागतो. हे काम कंटाळवाणं म्हणून नव्या अधिकाऱ्याच्या टेबलावर येतं. माझ्याही आलं. सोबत एक जुने हवालदार होते, त्यांना सगळं ठाणं काका म्हणायचं. मी इंग्रजी शाळेतली. 'सदर इसम' आणि 'मजकूर' ही भाषा मला काकांनी शिकवली. माझ्या पहिल्या पंचनाम्यावर त्यांनी एवढंच म्हटलं होतं, "छान आहे मॅडम. फक्त आरोपीला यातून कळणार नाही की तो आरोपी आहे."

त्या मंगळवारी सायली आईला घेऊन आली. खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं घर. आई कळव्याच्या बाजारात मासळी विकायची. अर्ज काकांनी घेतला.

"दाखला कशाला पाहिजे, बाळा?"

"फेलोशिपसाठी. एम.ए.ला."

"विषय?"

"चारित्र्य आणि नागरिकत्व शिक्षण."

काकांनी चष्मा काढला. "म्हणजे चारित्र्य शिकायला जायच्या आधी चारित्र्य असल्याचा दाखला पाहिजे? पोहायच्या क्लासला जाताना समुद्र पोहून या म्हणण्यासारखी गत झाली की."

आई खळखळून हसली. सायलीही हसली. मग काका म्हणाले, "बरं, डिग्रीचं ओरिजिनल दाखव. झेरॉक्सशी ताडून बघतो."

"झेरॉक्सच आणलंय."

"ओरिजिनल घरी आहे ना?"

सायलीने बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळला. तिने उत्तर दिलं नाही, हे मला तेवढं खटकलं नाही. आईचं हसू थांबलं आणि तिने मुलीकडे पाहिलं, ते खटकलं. घरातही हा प्रश्न विचारला गेला होता आणि तिथेही उत्तर मिळालं नव्हतं, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. मी दोघींना आत बोलावलं, दार लोटलं आणि काही विचारलं नाही. माझी पद्धत तीच होती. एक प्रश्न टाकायचा, नाहीतर तोही नाही, आणि गप्प बसायचं. बहुतेक माणसांना समोरच्याची शांतता सोसत नाही. सायलीला सोसली नाही.

तिने दोन ठिकाणी अर्ज केला होता. एक मुंबईतल्या विद्यापीठाची फेलोशिप, खरी. दोन वर्षांची फी, शिवाय दरमहा खर्चाला रक्कम. त्यात तिची निवड झाली होती. शुक्रवारी स्वतः जाऊन मूळ प्रमाणपत्रं दाखवायची. नाही दाखवली तर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या उमेदवाराला. दुसरी फेलोशिप त्याच्या काही महिने आधी कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली होती. विषय तोच, संस्थेचं नाव भारदस्त. त्या लोकांनी मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेतली होती.

"का दिलीस?" मी विचारलं.

"मध्येच कोणी सोडून जाऊ नये म्हणून घेतो, बोलले. मॅडम, आमचं कॉलेजपण ठेवूनच घ्यायचं की."

हे खरं होतं. शिकलेली मुलं फसतात कशी, असं लोक विचारतात. ती बहुतेक वेळा सवयीने फसतात. खिडकीतून कोणी "ओरिजिनल" म्हटलं की आपला हात आपोआप पुढे जातो.

संस्थेच्या प्रमुखांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे. ते कोणाला कधीच दिसले नाहीत. मुलाखत ऑनलाइन, आणि सरांचा कॅमेरा बंद. चेहरा पाहून माणसाचं चारित्र्य ठरवायचं नाही, हे आपलं पहिलं तत्त्व, असं त्यांनी सांगितलं होतं. मुलं भारावून गेली. प्रमाणपत्रं डोंबिवलीत एका दिवसापुरत्या घेतलेल्या खोलीत, एका दिवसापुरत्या बसवलेल्या मुलीने स्वीकारली. मग आठवड्याला तीन वर्ग. मुलांचे कॅमेरे चालू, सरांचा बंद. अभ्यास असा, की प्रत्येकाने शाळकरी मुलांसाठी धडे तयार करायचे. प्रामाणिकपणा, जबाबदारी, सार्वजनिक जागा, मतदान. सर एकेक धडा चार-चार वेळा लिहून घ्यायचे. फेलोशिपची रक्कम 'मंजुरीत' असायची. मुलं ती फारच मागायला लागली, तेव्हा एके दिवशी ग्रुप बंद, फोन बंद.

"शिकवायचे कसे?" मी विचारलं.

"मस्त शिकवायचे, मॅडम. तेच तर ना."

आई इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "मॅडम, मना लिवता येत नाय. पन पोरीचे कागद मना पायजेत. शुक्रवारच्या आत. नायतर ही कॉल सेंटर धरनार, नि एकदा धरला की सुटत नाय. हिचा भाऊ बघा, शिकतो शिकतो बोलत होता."

मी मान हलवली. ती मान मी 'ऐकलं' या अर्थाने हलवली होती. आईने ती 'देते' या अर्थाने घेतली, हे नंतर कळलं.

मग सायलीने जाताजाता एक गोष्ट सांगितली. पाचवीतली तिची भाची दोन दिवसांपूर्वी गृहपाठ घेऊन आली होती. घरी विचारून या, आज जाळ्यात मासळीशिवाय काय काय आलं, आणि ते तुम्ही कुठे टाकलंत?

"हा धडा मी लिहिलेला, मॅडम. 'जाळ्यात काय आलं?' बाबा प्लास्टिक परत खाडीत टाकतात, त्यावरून सुचलेला. सरांनी शेवट बदलून घेतलेला. ते बोलले, मुलांना टाकू नका असं सांगू नकोस. फक्त विचार, ते किनाऱ्यावर कोणी आणायचं?"

"मग तो शाळेत कसा गेला, असा संशय नाही आला?"

"उलट बरं वाटलं. म्हटलं, आपला धडा कुठेतरी पोचला."

आमची खबर ती एवढीच. खबऱ्याकडून नाही, पाचवीच्या गृहपाठातून आलेली.

वरिष्ठ निरीक्षकांकडे गेले. ते म्हणाले, "कागद डोंबिवलीत दिले ना? मग तिकडे पाठवा."

"साहेब, धडा आपल्या हद्दीतल्या शाळेत आहे. शाळेने तो विकत घेतलेला दिसतो."

"विकत?" साहेबांनी हातातला पेन खाली ठेवला. "पोरांकडून फुकट लिहून घ्यायचं आणि शाळांना विकायचं? प्रामाणिकपणाचे धडे?" ते बराच वेळ हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "गुन्हा घ्या. आणि शुक्रवारचं वचन त्या पोरीला देऊ नका."

मी मान हलवली. मला दुसरं काही येत नसे.

शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी सगळं सांगितलं. मूल्यशिक्षणाचे तयार संच एक माणूस दोन पिशव्यांतून आणून देतो, पैसे घेऊन जातो. बाईंनी आमच्यासमोर त्याला फोन करून पुढचा संच मागवला. बुधवारी सकाळी तो आला आणि पिशव्यांसकट आमच्या ठाण्यात आला.

पन्नाशीचा माणूस. विटका शर्ट, गालात सुपारी, नजर जमिनीवर.

"मी पोचवनारा मानूस, म्याडम. सर देतात, मी देतो."

"सर कुठे असतात?"

"म्हाईत नाय. मीपन नाय बगितले. कोनतरी टेशनावर आणून देतो."

"तुम्ही राहता कुठे?"

"दिव्याला, टेशनापाशी. भाड्यानं. एकटाच हाय."

दिव्याची खोली खरी निघाली. काकांनी दोघांना पाठवून पाहून घेतली. एक चटई, एक स्टोव्ह, पाण्याची तीन पिंपं. फोन साधा, बटणांचा. प्रमाणपत्रांचा कुठेही पत्ता नाही. साहेब म्हणाले, "याच्याकडे काही नाही. संध्याकाळी नोटीस देऊन सोडा, आणि खऱ्या सरांना शोधा."

मी त्याच्यासमोर बसले आणि गप्प राहिले. माझ्याकडे तेवढंच एक हत्यार होतं. तोही गप्प राहिला. इतरांसारखी चुळबुळ नाही, घसा खाकरणं नाही. उलट मलाच अवघडल्यासारखं व्हायला लागलं. माझ्यापेक्षा जास्त वेळ गप्प बसू शकणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. पिशव्या पोचवणाऱ्या माणसाकडे ही शांतता आली कुठून, हा प्रश्न मला तेव्हाच पडला.

मग त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि मी माझ्या टेबलावरून पाहत राहिले. ठाणे अंमलदार फोनवर जोरात बोलायला लागले, तेव्हा हा काकांना पत्ता सांगत होता. तो वाक्याच्या मध्येच थांबला. फोन संपेपर्यंत थांबला, आणि उरलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू केलं. थोड्या वेळाने एक बाई नवऱ्याची तक्रार घेऊन आली. तिची दोन मुलं एकमेकांचे केस ओढत होती. बाई ओरडली, शिपाई ओरडला, उपयोग झाला नाही. या माणसाने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. दोन्ही मुलं वेगळी झाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "ही नजर मी चौथीत असताना पाहिलीय."

माझी मावशी डोंबिवलीत शिक्षिका होती. सुट्टीत तिच्याकडे गेले की घरातही ती तशीच थांबायची, सगळे गप्प होईपर्यंत. शांततेने शिक्षक मोडत नाही, शांतता त्याच्या मालकीची असते. त्याला सहन होत नाही तो गोंगाट. आणि त्याहून जास्त, चुकीचा शिकवलेला धडा.

मी सायलीला फोन केला. तिने बाकीच्यांना केले. दुपारपर्यंत ती धरून सहा जण आले. दिव्याचा एक मुलगा, डोंबिवलीच्या दोन मैत्रिणी, बाकीचे कल्याणचे. सायलीची आईही बाजारातून तशीच आली. कोणालाही मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी नाटक केलं असतं, आणि ते पुढे कोर्टात टिकलं नसतं. दोन पंच बोलावले, त्यांना कोपऱ्यात बसवलं. मुलांना हॉलमधल्या लांब बाकावर बसायला सांगितलं. तो माणूस समोर होता. मुलांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं. चेहरा ओळखीचा असण्याचा प्रश्नच नव्हता.

मी म्हटलं, "मला तुमच्या कामाची काही कल्पना नाही. समजा मी पाचवीत आहे. मला प्रामाणिकपणा शिकवा."

मुलं एकमेकांकडे पाहायला लागली.

"आता? इथे?"

"मॅडम, सीरियसली?"

"हो."

दिव्याचा मुलगा म्हणाला, "चल, मी घेतो. बाळा, तुला रस्त्यात पाकीट सापडलं तर तू काय करशील?"

"अरे, पाकीट नको," एक मैत्रीण म्हणाली.

"का नको? पोलीस स्टेशनला बसलोय, पाकीटच फिट आहे."

"येडा आहेस का? मॅडम काय बोलणार, पोलिसांना देईन? त्या स्वतःच पोलीस आहेत!"

हॉलमध्ये हशा पिकला. मग सगळेच एकदम बोलायला लागले. कोणी म्हणे गोष्ट सांगा, कोणी म्हणे शपथ घ्या, कोणी म्हणे प्रामाणिकपणावर घोषवाक्य. दिव्याचा मुलगा हट्टाने पाकिटालाच धरून होता. "मग पाकिटात किती पैसे होते ते सांगायचं, म्हणजे पोरांना इंटरेस्ट येतो," असं म्हणत तो उभा राहिला. सायली वादात नव्हती. तिच्या डोक्यात शुक्रवार होता. ती कोपर गुडघ्यावर टेकून, पाठीचं धनुष्य करून बसली होती.

मी त्या माणसाकडे पाहत होते. आधी त्याचा जबडा थांबला, सुपारी चघळायचा. मग मान वर आली. मग उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर आपटायला लागलं.

"पाकीट नको!" तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता, पण हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. शुद्ध, संथ, भरदार मराठी. "किती वेळा सांगितलं, ज्या प्रश्नाचं उत्तर मुलांना पाठ आहे तो प्रश्न विचारायचाच नाही. आणि सायली, पाठ सरळ."

सहाच्या सहा पाठी एका क्षणात ताठ झाल्या.

कोणी ओरडलं नाही. मुलांनी मान वळवायच्या आधीच त्यांच्या पाठींनी सरांना ओळखलं होतं. दिव्याचा मुलगा उभा होता, तो नकळत खाली बसला. एका पंचाने हातातला चहाचा ग्लास तसाच धरून ठेवला. फोनवर बोलणारे ठाणे अंमलदारही गप्प झाले. आणि त्या शांततेत त्या माणसाला आपण काय बोललो ते कळलं.

काका पुढे झाले आणि अगदी अदबीने म्हणाले, "सर, आता तोंडातली सुपारी थुंकून या."

त्याला मी अटक केली, कारणं लिहून दिली. आता त्याने सोंग सोडलं. तो सरळ बसला आणि बोलायला लागला, आणि खरं सांगायचं तर ऐकत राहावंसं वाटत होतं. आयुष्यभर विनाअनुदानित शाळांत शिकवलं, कुठे कायम झालो नाही, मूल्यशिक्षणाचा तास नेहमी गणिताला देऊन टाकला गेला, वगैरे. मग मुलांकडे हात करून म्हणाला, "विचारा यांना. मी शिकवलं की नाही? एकाने तरी सांगावं, कमी शिकवलं."

उत्तर दिव्याच्या मुलाने दिलं. "शिकवलंत, सर. म्हणून तर जास्त राग येतोय."

मी माझा एकच प्रश्न विचारला. "प्रमाणपत्रं कुठे आहेत?"

"ती माझ्याकडे नाहीत. मी सगळ्यांची कुरिअरने परत पाठवली. पोचली नसतील तर तो माझा दोष नाही."

यावर तो ठाम राहिला. पुन्हा तीच शांतता, आणि यावेळी गोंगाटही उपयोगाचा नव्हता. साहेब येऊन गेले, म्हणाले, "उद्या कोर्टातून कोठडी घेऊ, मग बघू." उद्या म्हणजे गुरुवार. सायलीने हिशेब मनात केला असावा. ती उठली आणि आईला म्हणाली, "चल गं, घरी जाऊ."

आई उठली नाही. इतका वेळ ती दाराशी टोपली पायाशी ठेवून बसली होती. ती सरळ त्या माणसासमोर येऊन उभी राहिली. मी अडवायला हवं होतं. अडवलं नाही.

"ओ मास्तर! सुकट कशी लागली?"

तो गोंधळला. "कसली सुकट?"

"आता कसली इचारतो! कागदांचे पिशवीन बांधून पाठवलेली ती! पोरगी बोलली, आये, सर लय चांगला शिकवतात. मी म्हटला, मग रिकाम्या हातानं कागद कसे द्यायचे? आमचेत तशी रीत नाय. स्वतः वाळवलेली, चांगली निवडून दिली. कागदाचे आत कागद, त्याचे आत फडका. नि तू खाल्लीस, नि माझेच पोरीचे कागद दाबून बसलास?"

"आई, तू सुकट दिलेलीस?" सायली किंचाळलीच. "माझ्या डिग्रीसोबत?"

"मग काय पेढं द्यायचं व्हतं? पेढं कुनीबी देतं."

मुलं हसायला लागली. तो मात्र हसत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उलगडत गेलं, बरेच दिवस न सुटलेलं गणित सुटावं तसं.

"म्हणजे," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "कपाटात उंदीर मेलेला नव्हता?"

सगळ्यांत आधी सावरले काका.

"कुठलं कपाट, सर?"

त्याने डोळे मिटले. मी टेबलावरचा कागद पुढे ओढला. गप्प बसायची माझी पाळी होती, आणि यावेळी ती शांतता माझी होती.

शेवटी त्याने जागा सांगितली. ती पंचांसमोर लिहून घेऊन, म्हणजे निवेदन पंचनामा करून, आम्ही त्याला घेऊन कल्याणला गेलो. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्याच्या बंद पडलेल्या क्लासची खोली होती. फळा पुसलेला, बाक रांगेत, खडू डबीत. मागच्या भिंतीला लोखंडी कपाट. त्याच्याजवळ उंदीर मारायच्या गोळ्या, फिनाईलची बाटली आणि उदबत्त्यांचे तीन पुडे. बिचारा अनेक दिवस झगडत होता. किल्ली फिरवली, दार उघडलं, आणि खालच्या दुकानातून आणलेल्या पंचाने रुमाल नाकाला लावला तो खाली जाईपर्यंत काढला नाही.

सगळ्यांची प्रमाणपत्रं होती. प्रत्येकाची वेगळ्या फाइलमध्ये, नावांच्या क्रमाने, एकही कोपरा दुमडलेला नाही. सायलीची सगळ्यात खाली, आली तशी पिशवीसकट, आणि आत कागदांमागे उंदरांनीच कुरतडलेलं एक फडकं. त्यातली सुकट फाइलभर पसरली होती.

"मॅडम," पंचनामा लिहिता लिहिता काकांनी विचारलं, "ही मुद्देमालात घ्यायची?"

"घ्या. सुकी मासळी, अंदाजे मूठभर."

"आणि वास?"

"वास जागेवरच सोडला असं लिहा."

तो काही जागेवर राहिला नाही. जीपमधून आमच्याबरोबर आला.

पण जप्त केलेली वस्तू पोलीस आपल्या मर्जीने परत देऊ शकत नाहीत. ती मुद्देमाल होते आणि खटला संपेपर्यंत मुद्देमाल खोलीत पडून राहू शकते. गुरुवारी आरोपीला कोर्टात हजर करतानाच मी प्रमाणपत्रं परत देण्याचा अर्जही लावला. सरकारी वकील म्हणाले, आजच्या आज होणार नाही. मी न्यायाधीशांसमोर उभी राहिले. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा न विचारता बोलले. शुक्रवारी काय आहे, ते सांगितलं. फोटो काढले आहेत, प्रमाणित प्रती ठेवल्या आहेत, सहाही जण बंधपत्र द्यायला तयार आहेत, हे सांगितलं. आवाज मोठा निघाला नसेल, पण मागच्या बाकावरच्या काकांना ऐकू गेला. न्यायाधीशांनी प्रती पाहिल्या, मुलांकडे पाहिलं आणि आदेश दिला. संध्याकाळी सुपुर्दनाम्यावर सह्या झाल्या. दिव्याच्या मुलाने आपली पदवी तिथेच छातीशी धरून फोटो काढून घेतला.

शुक्रवारी काय झालं ते सायलीने फोनवर सांगितलं. पडताळणीच्या टेबलावरच्या वयस्कर गृहस्थांनी तिची पदवी हातात घेतली, नाकाजवळ नेली आणि चष्म्यावरून पाहिलं. ते म्हणाले, "सुका जवळा आहे की काय?"

"हो सर. आईने वाळवलेला."

"मी रत्नागिरीचा," ते म्हणाले आणि शिक्का मारला.

आता थोडं माझ्याबद्दल, म्हणजे त्या तपासाने मला काय शिकवलं त्याबद्दल. सायलीचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्या टेबलावर तसाच होता. तो मी त्याच आठवड्यात पूर्ण केला. अशा अहवालात गुन्ह्याची नोंद नसेल तर आम्ही 'निरंक' असं लिहितो. काही नाही, कोरं. आरोपीची जुनी कागदपत्रं पाहताना त्यालाही एका शाळेसाठी दिलेला तसाच दाखला मला सापडला. त्यावरही निरंक. दोन्ही शब्द त्या त्या दिवशी खरे होते. तेव्हापासून मी तो शब्द लिहिताना जरा थांबायला लागले. आमचा दाखला एवढंच सांगतो की माणूस अजून आमच्या वहीत आलेला नाही. बाकीचं शोधायला दुसऱ्या जागा आहेत. कोणाची पाठ कोणाच्या हाकेने ताठ होते, रिकाम्या हाताने जाणं कोणाला जमत नाही, शिकवलेल्याचा राग कोणाला येतो. त्या माणसाने मुलांना चांगलं शिकवलं होतं, आणि मुलांनी ते त्याच्यासकट तपासून पाहिलं. मला तो त्याचा पराभव वाटत नाही, त्या मुलांचा विजय वाटतो. सायलीचा 'जाळ्यात काय आलं?' हा धडा आता तिच्या स्वतःच्या नावाने शिकवला जातो.

तिचा प्रवेश पक्का झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिची आई ठाण्यात आली. दारातूनच ओरडली, "मॅडम, पोरगी लागली!" सगळं ठाणं उभं राहिलं. साहेबसुद्धा केबिनमधून बाहेर आले. तिने माझ्या टेबलावर फडक्यात बांधलेलं पुडकं ठेवलं. वासावरून काय आहे ते सांगायची गरज नव्हती.

"हे आम्हाला घेता येत नाही," मी म्हटलं.

"घे गो," ती म्हणाली आणि पुडकं माझ्याकडे सरकवलं. "त्या टायमाला न बघता दिली. ह्या टायमाला मानूस बघून देते."